गोलाबाहेरचं घर

माझ्या भावजींना ट्रकचा सगळा यार्ड 'सावकाश' म्हणतो. तोंडावर सावकाशकाका, पाठीमागे नुसतं सावकाश. धंदा मात्र तातडीच्या मालाचा. कुठल्या तरी कारखान्यात एखादं यंत्र बंद पडतं, त्याला लागणारा भाग नेमका दुसऱ्या शहरात असतो, आणि तो आजच्या आज पोचला नाही तर तिकडे सगळा कारखाना हातावर हात ठेवून बसतो. मग त्या एवढ्याशा भागासाठी अख्खा ट्रक पळवायचा. रिकाम्या हौद्याच्या मधोमध चपलेच्या खोक्याएवढं एक खोकं दोरीनं करकचून बांधलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा हसता हसता माझ्या हातातला पाना पायावर पडला होता.

असला माल मिळाला की बाकीचे ड्रायव्हर धडाधड दारं आपटत सुटतात. भावजी आधी दोन्ही आरसे पुसणार, मग चष्मा पुसणार, मग पाण्याची बाटली भरून आणणार. कुणी विचारलं, "काका, कधी पोचणार?" तर ठरलेलं उत्तर, "सावकाश." आणि पोचायचे सगळ्यांच्या आधी, कारण गाडी एकदा हलली की हा माणूस वाटेत कुठे रेंगाळत नाही. ताईशी लग्न ठरण्याआधी ते आमच्या घरी पहिल्यांदा आले तेही चांगले उशिरा. वडील म्हणाले, "फार वाट पाहायला लावलीत." तर हे म्हणाले, "हो, लावली." सबब नाही, रस्त्याला दोष नाही. वडिलांना तेवढं पुरलं. हा खोटं बोलणाऱ्यातला नाही, असं ते आम्हाला कितीतरी दिवस सांगत होते. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे ते लागणार आहे.

माझं टायरचं दुकान यार्डाच्या फाटकाला लागून आहे. पंक्चर काढणं, हवा भरणं, जुने टायर घेणं. दुकानापुढे एक बाक आहे आणि समोर चहाची टपरी. नंबर लागेपर्यंत निम्मा यार्ड माझ्या बाकावर बसून माझंच डोकं खातो. त्यामुळे यार्डातलं मला माहीत नाही असं फारसं काही नाही.

आता नंबर म्हणजे काय, ते सांगायला हवं. पूर्वी यार्डात आलेल्या ड्रायव्हरनं डिस्पॅचच्या, म्हणजे माल वाटून देणाऱ्या बाईंना फोन करायचा, बाई फळ्यावर त्याचं नाव लिहायच्या, आणि माल आला की ज्याचं नाव आधी तो पहिला. मध्येच कुणाला ट्रक घेऊन बाहेर जावं लागलं, घरी किंवा डॉक्टरकडे, तर तो आपल्या जागेवर चाकाखालचा दगड ठेवून जायचा. दगड जागेवर असेपर्यंत ती जागा त्याची आणि नंबरही त्याचाच. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण एखाद्या नव्या माणसानं दगड सरकवून गाडी लावलीच, तर भावजी त्याच्याकडे जाऊन शांतपणे म्हणायचे, "दगड बसलाय ना, मग माणूस बसलाय." तो निमूटपणे गाडी मागे घ्यायचा.

सॅटेलाइट आल्यावर हे सगळं गेलं. मी सॅटेलाइटला शिव्या घालतो असं लोकांना वाटतं, ते खरं नाही. त्याची गरज होती. फोनवर थापा मारणारे फार झाले होते. एक महाभाग घरी पलंगावर पडून "पोचलो बाई, फाटकातच आहे" असं सांगायचा आणि मागे त्याची बायको भांडी आपटताना बाईंना ऐकू यायची. खरं बोलणारा मागे राहायचा आणि थापाड्या पुढे जायचा. मग कंपनीनं प्रत्येकाला एकेक डबी दिली. साबणाच्या डबीएवढी काळी डबी, खाली लोहचुंबक, आत बॅटरी, वर एक दिवा आणि एक बटण. केबिनमध्ये समोर चिकटवायची. आपण कुठे आहोत ते आकाशातून कळतं आणि बाईंच्या पडद्यावर ठिपका दिसतो. यार्डाभोवती नकाशात एक गोल आखलाय. गोलाच्या आत ज्याची डबी सगळ्यात जास्त वेळ, त्याचा पहिला नंबर. डबी गोलाबाहेर गेली की नंबर शेपटाला.

माल आला की पहिल्या नंबरच्या डबीचा दिवा लागतो, टिंगटिंग वाजतं आणि कुठे जायचं ते छोट्या पट्टीवर ठळक लाल अक्षरांत उमटतं. थोडा वेळ तो दिवा लागून राहतो. तेवढ्यात बटण दाबलं तर माल तुमचा. नाही दाबलं तर नकार धरतात, माल पुढच्या नंबरला जातो आणि तुम्ही शेपटाला जाता. पूर्वी बाई दोनदा हाक मारायच्या, "अहो, कुठे आहात?" म्हणून विचारायच्या. डबी एवढं काही विचारत नाही.

पण माणसं कुठे ऐकतात? महिन्याभरात सगळ्यांच्या लक्षात आलं की आकाशातून डबी दिसते, ट्रक दिसत नाही आणि माणूस तर मुळीच दिसत नाही. मग कुणाला बाहेर जायचं असलं की तो आपली डबी दुसऱ्याच्या केबिनमध्ये चिकटवून जायला लागला. दगडाच्या जागी डबी आली, एवढंच. दिवा लागला तर राखणाऱ्यानं बटण दाबायचं आणि फोन करून म्हणायचं, "ये." आणि राखायला सगळ्यांना हवे होते भावजीच. त्यांच्या केबिनमध्ये कधीकधी अशा डब्या ओळीनं चिकटलेल्या असायच्या. मी त्यांना म्हणायचो, "भावजी, तुम्ही पाळणाघर काढा." ते गालात हसायचे. आवडायचं त्यांना ते. लोकांचा आपल्यावर विश्वास आहे हे कुणाला आवडत नाही?

सगळ्यात जास्त वेळा डबी ठेवायचा तो पाहुणा. हेही टोपणनावच. एकदा लांबच्या खेपेवरून हा घरी गेला, बरोबर आणखी एक ड्रायव्हर होता. दार उघडून बायको आत वळून म्हणाली, "बघा हो, पाहुणे आले." सासऱ्यांना सांगत होती, नवऱ्याला टोमणा होता. दुसऱ्या दिवशी सगळ्या यार्डात झालं. पाहुण्याचं घर पाण्याच्या टाकीपलीकडच्या पहिल्या गल्लीत. गोलाची कड टाकीवरून जाते. म्हणजे हाकेच्या अंतरावर घर, आणि तरी बाहेर. गोल आखणाऱ्यानं पेन्सिल थोडी सैल धरली असती तर या गोष्टीतलं काहीच घडलं नसतं.

पाहुण्याचे वडील अंथरुणाला खिळलेले. एक बाजू गेलेली, अंगानं मात्र भक्कम. त्यांना उचलून खुर्चीत बसवणं, धुणंपुसणं, कूस बदलणं एकट्या बाईला झेपणारं नव्हतं. म्हणून पाहुणा रोज दुपारी डबी भावजींकडे चिकटवायचा, पळत घरी जायचा आणि वडिलांचं उरकून पळत यायचा. लांबचे माल तो याच कारणानं नाकारायचा, म्हणून त्याचे नकार आधीच साचलेले होते. जवळचा किंवा मध्यम अंतराचा माल त्याला चालायचा. किती वेळा त्याचा दिवा लागला आणि भावजींनी बटण दाबून त्याला बोलावून घेतलं, याची मोजदाद नाही.

त्याच सुमारास माझ्या भाचीला, भावजींच्या मुलीला, मुलगी झाली. गाव तसं मध्यम अंतरावरचं; ताई तिकडे गेली होती. भावजी इथे. "उद्या जातो, परवा जातो," चाललं होतं. नंबर सोडून जायचं त्यांच्या जिवावर यायचं आणि त्यांच्या नंबरला येणारा प्रत्येक माल नेमका उलट दिशेचा असायचा. मुलगी फोनवर नातीला रडवून दाखवायची, हे फोन कानाला लावून बाकावर ऐकत बसायचे.

त्या दुपारी पहिला नंबर पाहुण्याचा होता, दुसरा भावजींचा. पाहुणा घरी गेला होता. भावजींचा ट्रक माझ्या बाकासमोरच उभा, केबिनचं दार उघडं, डब्या बाकावरून दिसत होत्या. ते चहा घेत होते. मी एका चाकात मान घालून बसलो होतो. टिंगटिंग मलाही ऐकू आलं, पण यार्डात ते दिवसभर चालूच असतं. मग ते थांबलं. थोड्या वेळानं पुन्हा वाजलं आणि भावजी उठून धावले. मी मान बाहेर काढून ओरडलो, "अरे, आज सावकाश पळाला बघा!" ते केबिनमधून म्हणाले, "मुलीच्या गावचा माल आहे." त्यांनी आरसे पुसले नाहीत, चष्मा पुसला नाही, बाटलीही भरली नाही. आजोबा झालेल्या माणसाला एवढं माफ, असं म्हणून मी हसलो.

संध्याकाळी ते अजून रस्त्यात असतानाच पाहुण्याचा फोन त्यांना आला. "काका, माझ्या नावावर नकार पडलाय म्हणे. दिवा लागला होता का?"

भावजी म्हणाले, "नाही रे. नेटवर्क गेलं असेल."

"असेल असेल. जाऊ द्या. तुम्हाला मिळाला ना माल, मुलीकडे निघालात ना? बेस झालं. नातीला माझा पापा द्या."

हे संभाषण मला नंतर भावजींनीच सांगितलं.

परत आले ते वेगळेच होऊन आले. नातीला मांडीवर घेतलेला त्यांचा फोटो ताईनं सगळ्यांना पाठवला होता. मी तो मोठा करून दाखवायला गेलो तर म्हणाले, "असू दे." मला वाटलं, दमलेत. मग लक्षात आलं की ते कुणाच्या डब्या घेईनासे झालेत. "आज नको, पाठ दुखतेय," असं काहीतरी सांगायचे. डबी चिकटवायला पाठ कशाला लागते? पाहुणा समोरून आला की हे चाकाची हवा बघायला वाकायचे. माझ्या दुकानासमोर उभं राहून स्वतःच्या चाकाची हवा बघणारा ड्रायव्हर मी पहिल्यांदाच पाहिला.

महिना संपायला आला तेव्हा बातमी फुटली. कंपनीनं डोंगरापलीकडे नवीन यार्ड काढलाय आणि इथून एक गाडी तिकडे कायमची जाणार. तिकडून घरी यायचं म्हणजे महिन्यातून एखादी सुट्टी. कुणाला पाठवायचं तेही बाईंच्या पडद्यामागचं यंत्रच ठरवणार होतं. महिनाअखेरीस ज्याचे नकार सगळ्यात जास्त, तो. पाहुणा सगळ्यात वर होता, आणि त्याच्या खालच्या माणसापेक्षा त्याचा एकच नकार जास्त होता. तो एक कुठला, हे फक्त भावजींना माहीत होतं.

ते बाईंकडे गेले. बाई स्वभावानं चांगल्या, पण आता त्यांच्या हातात पडद्याकडे बघण्यापलीकडे काही उरलेलं नाही. भावजी म्हणाले, "त्याच्या जागी मला पाठवा."

बाई म्हणाल्या, "काका, तुमचा एकही नकार नाही. कसं पाठवू? यंत्र घेणारच नाही."

"त्याचा एक नकार चुकून पडलाय."

"चुकून म्हणजे? डबी गोलात होती ना? मग तोही होता. का नव्हता?"

 नव्हता म्हणावं, तर नकार पुसला जाणार आणि पाहुण्याची गाडीच कामावरून जाणार. डबी ठेवून बाहेर जाणाऱ्याला तीच शिक्षा होती. खरं बोलायची सोयच राहिली नव्हती. "बघतो," म्हणून ते खाली आले.

त्यानंतर त्यांनी जे सुरू केलं त्यानं सगळा यार्ड चक्रावला. भावजींचा दिवा लागायचा आणि भावजी बाकावर बसून राहायचे. टिंगटिंग वाजतंय, लोक "काका, काका" करतायत, आणि हे समोरच्या भिंतीकडे बघतायत. दिवा विझला की उठून केबिनमध्ये जायचे. जन्मात एक माल न नाकारलेला माणूस एकामागून एक नकार घेत सुटला. कुणी म्हणालं, कानानं गेले. कुणी म्हणालं, नात झाल्यावर म्हातारे असेच होतात. मी ताईला फोन केला, तर ती म्हणाली, "तूच विचार, मला तर ते धड बोलतही नाहीत." मी विचारलं. म्हणाले, "तू तुझे टायर बघ." एवढं तोडून ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मला राग आला आणि मी पुन्हा विचारलं नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी भावजींचा नंबर पुन्हा वर आला. त्यांना पाहुण्याच्या पुढे जायला एकच नकार हवा होता; हे अर्थात मला तेव्हा माहीत नव्हतं. दुपार होती. ते बाकावर, मी पंपापाशी, पाहुणा समोरून चहा घेऊन येत होता. भावजींचा दिवा लागला.

"काका, दिवा," पाहुणा म्हणाला.

"लागू दे."

"लागू दे काय? जाईल ना माल."

"जाऊ दे."

पाहुण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्याला वाटलं असणार, म्हाताऱ्याला काहीतरी झालंय, उठता येत नाहीये. त्यानं चहाचा ग्लास माझ्या हातात कोंबला, धावत जाऊन केबिनमध्ये चढला आणि बटण दाबलं. मग डबी काढून हातात घेऊन हसत हसत परत आला. "दाबलं. काय काका, उघड्या डोळ्यांनी झोप लागली होती का?"

भावजींचा चेहरा असा उतरला की मीच घाबरलो. "काय केलंस हे तू?" ते म्हणाले.

"काय केलं? तुम्ही माझ्यासाठी इतक्या वेळा दाबलंत. एकदा मी दाबलं तर बिघडलं कुठे?"

भावजी त्या डबीकडे बघत राहिले. मग बोलायला लागले, आणि नेहमीच्याच संथ आवाजात बोलले, म्हणून ते ऐकणं जास्त अवघड गेलं. "मी मुलीकडे गेलो तो माल तुझा होता. नेटवर्क गेलं नव्हतं. तुझा दिवा लागला होता, मी पाहिला होता."

पाहुणा म्हणाला, "पाहिला म्हणजे, उशिरा पाहिलात?"

"नाही. लागला तेव्हाच पाहिला. पट्टीवर गावाचं नाव वाचलं. असं करायचं म्हणून काही ठरवलं नव्हतं मी. पण उठलो नाही."

"मग काय करत होतात?"

"इथंच होतो. चहा पीत होतो."

पाहुण्यानं विचारलं, "संपवलात?"

"हो."

पाहुण्यानं डबी बाकावर ठेवली, भावजींपासून थोडी लांब. त्याचा ग्लास माझ्या हातात होता, तो त्याला द्यावा की नाही हे मला कळेना. तो शिवी देईल असं मला वाटलं, आणि दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "गाडी काढा काका. माल घेतलाय आता. तिकडे लोक खोळंबलेत." आणि टाकीच्या दिशेनं चालत गेला. आपली डबी तो केबिनमधून काढून खिशात घेऊन गेला, म्हणजे नंबर सोडून गेला. त्याला आता नंबराचं काही राहिलं नव्हतं.

घेतलेला माल टाकता येत नाही. भावजींना जावं लागलं. जाण्याआधी बाकावर बसूनच त्यांनी मला सगळं सांगितलं. बाईंकडे का गेले, नकार का घेत होते, सगळं. मी त्यांना धीर द्यायला हवा होता. मी म्हणालो, "तुमच्याकडून हे होईल असं वाटलं नव्हतं." ते म्हणाले, "मलाही." मग त्यांनी आरसे पुसले, चष्मा पुसला आणि गेले.

ते परत आले तोवर पाहुणा डोंगरापलीकडे गेला होता.

आणि तेव्हापासून भावजींनी एक नवीनच नेम धरला. रोज दुपारी ते आपली डबी काढतात, सदऱ्याच्या खिशात घालतात आणि पाण्याच्या टाकीपलीकडे चालत जातात. गोल ओलांडला की त्यांचा नंबर शेपटाला. परत येऊन पुन्हा सगळ्यांच्या मागून सुरुवात. त्यामुळे त्यांच्या वाट्याला उरलासुरला माल येतो, कधी तोही येत नाही. बाकीचे ड्रायव्हर म्हणतात, "काका, डबी आमच्याकडे ठेवून जा की. आम्ही दाबू." हे म्हणतात, "नको." बाईंनी एकदा विचारलं, "काका, रोज तुमचा ठिपका बाहेर जातो. काम असेल तर सांगा, मी वर काहीतरी बोलते." त्यांनाही "नको" म्हणाले. तिकडच्या यार्डासाठीही त्यांनी दोनदा अर्ज टाकलाय, पण यंत्राला अजून तिकडे दुसरी गाडी नकोय.

परवा पाहुण्याच्या वडिलांच्या चाकाच्या खुर्चीची हवा गेली, म्हणून ट्यूब आणि पंप घेऊन मी भावजींबरोबर गेलो. तोवर तिथे काय चालतं ते मी पाहिलं नव्हतं. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी खाट, खाटेवर म्हातारा. पाहुण्याच्या बायकोनं दार उघडलं, आम्हाला पाहून पदराला हात पुसले आणि आत वळून म्हणाली, "बाबा, पाहुणे आले बघा."

म्हाताऱ्यानं अर्ध्या तोंडानं हसून बरा हात वर केला. भावजींनी चप्पल काढली, बाह्या वर केल्या आणि त्यांच्या काखेखाली हात घालून त्यांना सावकाश उचललं. सावकाश म्हणजे खरोखरच सावकाश. म्हातारा लहान मुलासारखा त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून होता. पुसणं झालं, कपडे बदलले, खुर्चीत बसवलं. मी चाकात हवा भरत होतो, पण माझं सगळं लक्ष तिकडे होतं.

वहिनी मला म्हणाली, "तुमच्या भावजींचे किती उपकार मानायचे? यांची बदली झाली तेव्हा बाबांना आता उचलणार कोण, तेच मला कळेना. आणि दुसऱ्याच आठवड्यात हे दारात. यांना फोनवर सांगितलं, काका रोज येतात म्हणून."

मी विचारलं, "मग काय म्हणाला तो?"

"काही नाही. म्हणाले, येऊ दे. मी विचारलं, आल्यावर काय करू त्यांचं? तर म्हणाले, चहा देत जा."

म्हणजे त्यानं तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. भावजी पाठमोरे होते, म्हाताऱ्याच्या सदऱ्याची बटणं लावत होते. एक बटण त्यांना बराच वेळ लागेना.

मग चहा आला. भावजी म्हणाले, "आज नको, घाई आहे."

"सावकाशकाकांना घाई?" वहिनी हसली. "रोज तेच म्हणतात हे, आणि रोज मी ऐकत नाही. बसा. संपवल्याशिवाय उठायचं नाही."

भावजी खाली बसले. खिशातली डबी काढून त्यांनी शेजारी जमिनीवर ठेवली. तिचा दिवा विझलेला होता, गोलाबाहेर तो लागत नाही. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला. माझ्याकडे पाहिलं नाही, तिच्याकडेही नाही. वहिनी पदर खोचून समोर उभी होती. त्यांनी सगळा चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "झाला."